वंडर वुमन: कॉमिक्सपासून पडद्यापर्यंत डायनाची बदलती रूपं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऐंशीहून अधिक वर्षं अमेरिकन कॉमिक्समधल्या वंडर वुमन या सुपरहिरोइनच्या, म्हणजे डायनाच्या गोष्टी सुरू आहेत. या काळात तिची जन्मकथा बदलली, पोशाख बदलला, काही वर्षं शक्ती गेली आणि सुरुवातीला नसलेला बापही तिला मिळाला. त्यामुळे २०१७ चा चित्रपट पाहून कॉमिक हातात घेणारा वाचक गोंधळतो आणि जुनी कॉमिक्स वाचलेला चित्रपट पाहताना अस्वस्थ होतो. दोघांनाही पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

वंडर वुमन पहिल्यांदा कधी आली, आणि कुणी आणली?

'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात. अंकावर डिसेंबर १९४१–जानेवारी १९४२ असं छापलेलं असलं तरी तो ऑक्टोबरमध्येच विक्रीला आला होता. म्हणजे पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले तेव्हा डायना अमेरिकेत पोहोचलेली होती. लेखक विल्यम मोल्टन मार्स्टन, चित्रकार एच. जी. पीटर. मार्स्टन हे हार्वर्डमध्ये शिकलेले मानसशास्त्रज्ञ. माणूस खोटं बोलतो तेव्हा त्याच्या रक्तदाबात काय फरक पडतो यावर त्यांनी काम केलं होतं आणि लाय डिटेक्टरच्या इतिहासात त्यांचं नाव येतं. डायनाचा सत्य बोलायला लावणारा दोर कुणाच्या डोक्यातून निघाला असेल, हे यावरून लक्षात येतं.

पण डायना एकट्या मार्स्टन यांची नाही. त्यांच्या पत्नी एलिझाबेथ होलोवे या कायदा आणि मानसशास्त्र शिकलेल्या. त्यांच्याच घरात ऑलिव्ह बर्न राहत. मार्स्टन यांना दोघींपासून प्रत्येकी दोन मुलं झाली, आणि १९४७ साली ते वारल्यावरही या दोघींनी पुढची कित्येक दशकं एकत्र काढली. डायनाच्या मनगटातल्या रुंद कड्यांची कल्पना ऑलिव्ह यांच्या हातातल्या कड्यांवरून आली. ऑलिव्ह या संततिनियमनाच्या चळवळीतल्या मार्गारेट सँगर यांची सख्खी भाची. डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींशी याच विषयावर वाद घालणाऱ्या त्या ह्याच सँगर. तेव्हा र. धों. कर्वे मुंबईत 'समाजस्वास्थ्य' चालवत होते. जगाच्या दोन टोकांना बायकांच्या शरीरावर हक्क कुणाचा हा एकच प्रश्न पेटलेला होता, आणि त्याची धग या कॉमिकलाही लागलेली आहे.

एक नाव फार उशिरा लोकांना कळलं. १९४४ पासून मार्स्टन यांच्याबरोबर जॉय हमेल ही तरुणी गोष्टी लिहीत होती. तिचं नाव अंकांवर कधी आलं नाही. वंडर वुमन लिहिणारी पहिली स्त्री ती.

मूळची डायना कशी होती?

ॲमेझॉन, म्हणजे फक्त स्त्रियांच्या बेटावर राहणाऱ्या लढवय्या बायका. त्यांची राणी हिपोलिटा मातीची मुलगी घडवते आणि ॲफ्रोडाइटी देवी तिच्यात प्राण फुंकते. या जन्मात पुरुषाचा काही संबंध नाही. पुढे स्टीव्ह ट्रेव्हर हा अमेरिकन वैमानिक बेटावर कोसळतो. त्याला परत पोहोचवायला कुणी जायचं यासाठी स्पर्धा लागते. आई परवानगी देत नाही म्हणून डायना मुखवटा घालून उतरते आणि जिंकते. शेवटची फेरी असते कड्यांवर बंदुकीच्या गोळ्या झेलण्याची.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. ज्याकडे दुर्लक्ष होतं ते पुढे आहे. मार्स्टन पुन्हा पुन्हा सांगतात की डायनाचं बळ हे ॲमेझॉन प्रशिक्षणातून आलेलं आहे. म्हणजे ते शिकता येतं, आणि शिकवताही येतं. म्हणून अमेरिकेत ती एकटी लढत नाही. एटा कँडी नावाची धिप्पाड, खाण्याची शौकीन, कुणालाही न घाबरणारी मैत्रीण आणि तिच्या हॉलिडे कॉलेजमधल्या मुली सतत तिच्यासोबत असतात. हरलेल्या खलनायिकांना ती ॲमेझॉन स्त्रियांच्या सुधारबेटावर पाठवते. बॅरोनेस पॉला फॉन गुंथर ही नाझी हेर तिथे बदलते आणि शास्त्रज्ञ म्हणून डायनाच्या बाजूने उभी राहते.

माझ्या मते डायनाचं प्रत्येक रूप तपासायची कसोटी इथे आहे. तिची शक्ती इतर बायकांपर्यंत पोहोचते की तिच्याजवळच राहते? ती पुष्कळ बायकांमधली एक आहे की पुरुषांच्या गर्दीतली एकमेव बाई? पुढच्या सगळ्या उत्तरांत हा प्रश्न येत राहील.

जुन्या अंकांत साखळदंड आणि दोरखंड इतके का दिसतात?

कारण मार्स्टन यांना ते हवे होते. प्रेमाने पत्करलेली शरणागती माणसाला सुधारते, असा त्यांचा ठाम सिद्धांत होता. शिवाय मताधिकाराच्या चळवळीतल्या चित्रांत बाई साखळ्या तोडताना दाखवत, ती प्रतिमाही त्यात मिसळली. पुरुषाने कड्यांना साखळी जोडली की डायनाची ताकद जाते, हा नियम त्यातूनच आला. पण दर अंकात इतक्या बायका बांधलेल्या दिसतात की त्याला केवळ प्रतीक म्हणून सोडून देता येत नाही. प्रकाशकांच्या सल्लागार मंडळातल्या जोझेट फ्रँक यांनी १९४३ मध्येच त्यावर आक्षेप घेतला होता, आणि तो योग्य होता. त्याच अंकांमधलं जपानी आणि कृष्णवर्णीय माणसांचं चित्रणही अपमानास्पद आहे. या डायनावर प्रेम करणाऱ्याने हे सगळं माहीत करून घेऊनच ते करावं.

मार्स्टन यांच्यानंतर काय बदललं?

लेखन रॉबर्ट कॅनिगर यांच्याकडे गेलं आणि १९६८ पर्यंत बहुतांशी त्यांच्याकडेच राहिलं. हॉलिडे कॉलेजच्या मुली मागे पडल्या. स्टीव्ह लग्नाची मागणी घालत राहिला आणि गुन्हे संपले की लग्न करू असं डायना सांगत राहिली. कॉमिक्समध्ये काय चालेल हे ठरवणारी संहिता १९५४ मध्ये आली, त्यानंतर धाडसाला आणखी कात्री लागली.

या काळातला सगळ्यात बोलका बदल कथेबाहेरचा आहे. १९४२ पासून अंकाच्या आत 'इतिहासातल्या वंडर वुमन' असं सदर असे. टेनिसपटू ॲलिस मार्बल त्याची सहसंपादक होती आणि पहिली गोष्ट फ्लॉरेन्स नाइटिंगेलची होती. खऱ्या बायकांची चरित्रं, चित्रांतून, लहान मुलींसाठी. पन्नाशीच्या दशकात हे सदर बंद झालं आणि तिथे लग्नाच्या चालीरीतींवरचे मजकूर येऊ लागले. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचक मुलीच्या हातून नेमकं काय काढून घेतलं गेलं, ते यावरून कळतं.

१९५९ मध्ये जन्मकथाही नव्याने लिहिली गेली. बळ हे देवांनी पाळण्यातल्या बाळाला दिलेलं वरदान ठरलं. शिकून मिळणारी गोष्ट नशिबाने मिळणारी झाली.

तिच्या शक्ती खरंच काढून घेतल्या होत्या का?

होय, १९६८ मध्ये. ॲमेझॉन स्त्रिया दुसऱ्या मितीत निघून जातात, डायना स्टीव्हसाठी मागे राहते आणि त्या बदल्यात सगळ्या शक्ती सोडते. लगेच स्टीव्ह मारला जातो. मग ती कपड्यांचं दुकान चालवते आणि आय चिंग नावाच्या अंध चिनी गुरूकडून हाणामारी शिकते. लेखक डेनिस ओनील आणि चित्रकार माइक सेकोव्स्की यांना तिला काळाबरोबर आणायचं होतं.

या काळावर सरसकट टीका होते, पण मला त्यात एक चांगली बाजू दिसते. ही डायना पुन्हा कष्टाने शिकते, हरते, उठते. सेकोव्स्की यांची पानंही देखणी आहेत. पण तिच्याजवळ आता एकही ॲमेझॉन उरलेली नाही, आणि शिकवणारा गुरू पुरुष आहे. १९४२ सालच्या वाचक मुलींना हे परकं वाटणं साहजिक होतं, आणि त्या आता मोठ्या झालेल्या होत्या. त्यांतल्याच एक स्त्रीवादी चळवळीतल्या ग्लोरिया स्टायनम. त्यांच्या 'मिस' या मासिकाचा पहिला नियमित अंक जुलै १९७२ मध्ये निघाला तेव्हा मुखपृष्ठावर जुन्या पोशाखातली भव्य वंडर वुमन होती आणि वर तिला राष्ट्राध्यक्ष करण्याची घोषणा. १९७३ च्या सुरुवातीच्या अंकात शक्ती परत आल्या.

लिंडा कार्टरची मालिका इतकी लाडकी का?

कारण लिंडा कार्टरने डायनाची खिल्ली उडवली नाही. त्याआधी १९६७ मध्ये एक छोटा चाचणी-भाग बनला होता. त्यात डायना आरशासमोर स्वतःवर भाळलेली वेंधळी मुलगी होती. तो प्रसारित झाला नाही हे बरंच झालं. मार्च १९७४ च्या दूरचित्रवाणीपटात कॅथी ली क्रॉस्बी होती. सोनेरी केस, लाल अंगरखा, निळी तुमान, आणि जवळजवळ गुप्तहेर. ती वंडर वुमन आहे हे सांगावं लागे.

७ नोव्हेंबर १९७५ ला कार्टरचा पहिला भाग आला आणि सगळं जागेवर पडलं. दुसरं महायुद्ध, बेट, स्पर्धा, अदृश्य विमान. गंभीर चेहऱ्याने बोललेली साधी वाक्यं. गिरकी घेऊन पोशाख बदलायची कल्पना कार्टरचीच. उड्या आणि पडझडीची बरीचशी कामं स्टंट कलाकार जीनी एपरने केली, तिचं नावही घ्यायला हवं.

पहिल्या हंगामात मार्स्टन यांचा विचार आश्चर्य वाटावं इतका टिकलेला आहे. एटा आहे, बॅरोनेस फॉन गुंथर आहे, धाकटी बहीण ड्रुसिला आहे. तिचं काम पुढे नावारूपाला आलेल्या डेब्रा विंगरने केलं. फाउस्टा या नाझी 'वंडर वुमन'चा भाग आवर्जून पाहा. डायना तिला हरवते, पण भागाचा जीव त्यापुढच्या संवादात आहे. आपले वरिष्ठ बायकांना काय किमतीचं समजतात हे फाउस्टाला दिसतं आणि ती बाजू बदलते.

१९७७ मध्ये मालिका एबीसी वाहिनीवरून सीबीएस वाहिनीवर गेली आणि गोष्ट वर्तमानकाळात आली. स्टीव्हच्या जागी त्याचा मुलगा आला. तो दिसायला बापासारखाच, कारण नट तोच, लायल वॅगनर. एटा आणि ड्रुसिला गेल्या. डायनाच्या कार्यालयात आता पुरुष आणि एक बोलणारा संगणक. कार्टर तेवढीच छान आहे, पण तिच्याभोवतीचं जग रिकामं झालं. १९७९ मध्ये मालिका संपली. पाहायचीच तर पहिला हंगाम आधी पाहा.

कार्टून मालिकांमध्ये ती कशी आहे?

१९७३ पासूनच्या 'सुपर फ्रेंड्स'मध्ये ती मुख्य चमूतली एकटी बाई. याची मुळं खूप आधीची आहेत. चाळिशीच्या दशकात कॉमिक्समधल्या जस्टिस सोसायटी या सुपरहिरोंच्या संघात तिला घेतलं ते सचिव म्हणून, आणि पुरुष मोहिमेवर जात तेव्हा ती मागे राही. ते मार्स्टन यांनी लिहिलेलं नव्हतं.

२००१ ची 'जस्टिस लीग' मात्र वेगळी. सुझन आयझेनबर्गच्या आवाजातली डायना तरुण, ताठर, चुका करणारी आहे. मित्रांना बेटावर आणल्याबद्दल तिची आई तिला हद्दपार करते. तिथे शिक्षा करणारीही बाई, सोसणारीही बाई, आणि दोघींचं बरोबर. पुढच्या हंगामांत चमूतल्याच हॉकगर्लशी तिचं बिनसतं आणि दोघी एका मोहिमेवर पाताळात उतरून ते मिटवतात. सुपरहिरोंच्या कार्टूनमध्ये दोन बायकांच्या मैत्रीला एवढी जागा क्वचित मिळते.

लॉरेन माँटगोमेरी दिग्दर्शित २००९ चा ॲनिमेशनपट याहून धीट आहे. बेटावरचीच पर्सेफनी फितूर होते आणि हिपोलिटाला तोंडावर सांगते की तू आम्हाला पुरुषांपासून वाचवलंस, पण मुलंबाळं आणि संसारही नाकारलास. हिपोलिटाकडे चटकन उत्तर नसतं. स्त्रियांच्या नंदनवनाला आतून विचारलेला हा प्रश्न नंतरच्या चित्रपटांनाही जमलेला नाही.

जॉर्ज पेरेझ यांचं नाव इतक्या आदराने का घेतात?

१९८७ मध्ये कॉमिकमधली गोष्ट पहिल्यापासून सुरू झाली तेव्हा लेखक-चित्रकार पेरेझ यांनी ग्रीक पुराणं नीट वाचून, संपादक कॅरन बर्गर यांच्यासोबत डायनाचा पाया पुन्हा घातला. त्यांच्या कथेत ॲमेझॉन स्त्रिया म्हणजे पुरुषांच्या हिंसेत मेलेल्या बायकांचे आत्मे, देवींनी नव्या देहात परत आणलेले. हिपोलिटाच्या पूर्वजन्मात ती गरोदर असताना मारली गेली. ते न जन्मलेलं बाळ म्हणजे मातीतली डायना. मार्स्टन यांच्या साध्या परीकथेला इथे वेदना मिळाली.

ही डायना ओळख लपवत नाही. ती राजदूत आहे. बॉस्टनमध्ये ज्युलिया कपाटेलिस या प्राध्यापिकेच्या घरी राहून इंग्रजी शिकते, तिच्या किशोरवयीन मुलीची मोठी बहीण होते. स्टीव्ह वयाने बराच मोठा आहे आणि त्याचं लग्न एटाशी होतं. पानांमागून पानं बायका एकमेकींशी बोलत असतात, घर चालवतात, भांडतात. चित्रं इतकी दाट की एकेका चौकटीवर थांबावं लागतं. कॉमिक्समधली माझी सगळ्यात आवडती डायना हीच.

ती मातीची की झ्यूसची मुलगी?

पहिली सत्तर वर्षं मातीची. २०११ मध्ये लेखक ब्रायन अझारेलो आणि चित्रकार क्लिफ चिआंग यांनी सांगितलं की मातीची गोष्ट ही झ्यूसची पत्नी हेरा हिच्या रागापासून मुलीला वाचवायला रचलेली थाप होती, खरा बाप ग्रीक देवांचा राजा झ्यूस. त्याच कथेत ॲमेझॉन स्त्रिया समुद्रात जहाजं अडवतात, खलाशांशी रत होऊन त्यांना मारतात आणि झालेले मुलगे शस्त्रांच्या बदल्यात हेफेस्टस या लोहारदेवाला देऊन टाकतात. हिपोलिटाचा दगड होतो, बाकीच्यांचे साप. डायना पुन्हा एकटी.

कथा म्हणून ती चित्तथरारक आहे, चिआंग यांची चित्रं उत्तम आहेत. तरी माझा विरोध आहे. आई आणि देवी यांनी मिळून घडवलेल्या मुलीचं बळ एका फटक्यात बापाकडून आलेलं ठरतं, आणि जिच्यात ती वाढली ती बायकांची वस्ती गुन्हेगार ठरते. २०१६ मध्ये लेखक ग्रेग रुका यांनी या आठवणींपैकी बऱ्याचशा फसव्या ठरवल्या. तोवर झ्यूस चित्रपटात पोहोचला होता.

२०१७ चा चित्रपट मूळ पात्राशी प्रामाणिक आहे का?

अर्ध्याहून जास्त, आणि जिथे आहे तिथे मनापासून. दिग्दर्शक पॅटी जेन्किन्स यांनी दुसऱ्याऐवजी पहिलं महायुद्ध घेतलं. हा निर्णय फार विचारी आहे. दुसऱ्या महायुद्धात शत्रू कोण हे स्पष्ट असतं. १९१८ च्या खंदकांत डायनाला 'हे कुणाचं पाप?' असं विचारत फिरावं लागतं. एकट्या एरीस या युद्धदेवाला मारलं की माणसं शहाणी होतील, हा तिचा भाबडा विश्वास मोडतो, आणि चित्रपटाचं खरं वळण तेच आहे.

बेटावरचा पाऊण तास मी कितीही वेळा पाहू शकते. रॉबिन राइटची अँटिओपी, कॉनी नीलसनची हिपोलिटा, घोड्यांवरून झेपावणाऱ्या सगळ्या वयांच्या स्त्रिया. किनाऱ्यावरच्या लढाईत कॅमेरा त्यांच्या कौशल्याकडे बघतो, अंगाकडे नाही. मग खंदकातून शिडीवर चढून डायना एकटी मोकळ्या मैदानात जाते, गोळ्या स्वतःवर घेते आणि मागची माणसं पुढे सरकतात. तो प्रसंग पाहताना जगभरातल्या बायका चित्रपटगृहात रडल्या, ते समजण्यासारखं आहे.

खटकतं ते बेट सोडल्यावर. चमूत स्टीव्ह, समीर, चार्ली आणि चीफ, सगळे पुरुष. एटा आहे, ल्युसी डेव्हिसने तिच्यात जान ओतली आहे, पण ती स्टीव्हची सेक्रेटरी, लंडनमध्येच राहते. हॉलिडे कॉलेजच्या मुलींची आज्ञा देणारी पुढारी इथे टाइपरायटरमागे आहे. शेवटी डॉक्टर मारू ही विषारी वायू बनवणारी बाई डायनासमोर पडलेली असते, एरीस तिला मारायला सांगतो आणि डायना तिला सोडून देते. क्षण सुंदर आहे. पण मार्स्टन यांनी तिला सुधारबेटावर नेलं असतं, तिच्याशी बोलले असते. चित्रपट तिला पळू देतो आणि विसरतो.

आकडे विचारणाऱ्यांसाठी: खर्च सुमारे १५ कोटी डॉलर, जगभरची कमाई ८२ कोटी डॉलरच्या आसपास.

मग त्याचा पुढचा भाग 'वंडर वुमन १९८४' का फसला?

सुरुवात अप्रतिम आहे. लहानगी डायना स्पर्धेत आडवाटेने पुढे जाते आणि अँटिओपी तिला जिंकण्याआधीच अडवते, कारण फसवून मिळवलेला विजय खरा नसतो. पडद्यावर आलेला ॲमेझॉन प्रशिक्षणाचा हा सर्वांत नेमका प्रसंग.

पुढे बार्बरा मिनर्व्हा ही बुजरी सहकारी डायनासारखं व्हायची इच्छा धरते. इथे संपूर्ण चित्रपट उभा राहिला असता: डायना तिला शिकवू शकली असती! त्याऐवजी बार्बराला शक्ती जादूच्या दगडातून मिळते, ती बिघडते आणि 'चीता' ही खलनायिका होते. मैत्री वाऱ्यावर जाते. शिवाय स्टीव्ह परततो तो दुसऱ्याच एका माणसाच्या शरीरात, आणि त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं. सत्य आणि संमती यांवर उभ्या असलेल्या नायिकेच्या गोष्टीत ही चूक जड जाते.

'जस्टिस लीग' चित्रपटाच्या दोन आवृत्त्यांत फरक आहे का?

आहे. २०१७ च्या आवृत्तीत कॅमेरा डायनाकडे ज्या कोनातून बघतो तो पाहून वाईट वाटतं. झॅक स्नायडर यांच्या २०२१ च्या चार तासांच्या आवृत्तीत ती मारते जास्त निर्दयपणे, पण ओलिसांना सोडवल्यावर एक छोटी मुलगी विचारते, मला तुझ्यासारखं होता येईल का, आणि डायना सांगते, तुला हवं ते होता येईल. त्या एका वाक्यासाठी मी ती आवृत्ती निवडते.

दोर, कडी आणि विमान यांचं काम प्रत्येक ठिकाणी सारखंच आहे का?

नाही. मूळ दोर बांधलेल्याला आज्ञा पाळायला लावे, खरं बोलणं त्यातलाच एक भाग. पेरेझ यांच्यापासून तो सत्याचाच झाला, आणि हे रूप जास्त चांगलं. विमान आलं कारण सुरुवातीला तिला उडता येत नव्हतं. उडायला लागल्यावर त्याची गरज संपली. 'वंडर वुमन १९८४'मध्ये दोन्ही गोष्टी एकामागून एक घडतात. कड्यांचा अर्थ जुन्या अंकांत गहिरा होता: हर्क्युलिसने ॲमेझॉन स्त्रियांना गुलाम केलं त्याची ती आठवण. चित्रपटांत उरलं ते गोळ्या अडवणं आणि स्फोट घडवणं.

पोशाखावरून एवढा वाद का, आणि संयुक्त राष्ट्रांचं काय झालं होतं?

पहिल्या अंकात घेरदार, ताऱ्यांचं वस्त्र आणि छातीवर गरुड. कापड दर दशकात कमी होत गेलं. १९८२ मध्ये गरुडाच्या जागी दोन डब्ल्यू आले. २०१० मध्ये तुमान आणि जाकीट घालून पाहिलं, ते टिकलं नाही. चित्रपटांतलं चामड्याचं चिलखत मला सर्वांत पटतं, कारण ते लढणाऱ्या बाईने स्वतः निवडलेलं वाटतं.

२१ ऑक्टोबर २०१६ ला संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला स्त्रिया आणि मुलींच्या सबलीकरणाची मानद राजदूत केलं. कार्टर आणि चित्रपटांत डायना झालेली गॅल गॅडोट दोघी हजर होत्या. कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवून निषेध केला. विरोधाच्या अर्जावर सुमारे ४५,००० सह्या झाल्या आणि डिसेंबरात तो उपक्रम आटोपला. डायनावर माझा जीव असला तरी मी सह्या करणाऱ्यांच्या बाजूची आहे. त्या पदावर जिवंत बाई हवी होती. आपल्याच अंकात खऱ्या बायकांची चरित्रं छापणाऱ्या नायिकेलाही तेच आवडलं असतं.

डायना समलैंगिक आहे का?

फक्त स्त्रियांच्या बेटावर शेकडो वर्षं प्रेमच झालं नसेल, असं मानणं अवघड आहे. ग्रेग रुका यांनी २०१६ मध्ये मुलाखतीत हे स्पष्टपणे मान्य केलं आणि डायनालाही स्त्रियांवर प्रेम झालं असणार असं सांगितलं. चित्रपटांनी हा विषय एखाद्या वाक्यात उरकला. ऑलिव्ह आणि एलिझाबेथ यांच्या घरातून निघालेल्या पात्राला याहून जास्त मोकळेपणा मिळायला हवा.

नूबिया कोण?

डायनाची कृष्णवर्णीय बहीण, तीही मातीची. १९७३ मध्ये आली, काही अंकांनंतर जवळजवळ नाहीशी झाली. २०२१ पासून तिला स्वतःच्या मालिका मिळाल्या आणि ती ॲमेझॉनांची राणी झाली. अजून कुठल्याही चित्रपटाने तिच्यासाठी जागा केलेली नाही.

नव्याने वाचायचं किंवा पाहायचं तर कुठून सुरुवात करू? मुलांना काय दाखवू?

वाचायला पेरेझ यांचे १९८७ चे पहिले अंक घ्या. ते जड वाटले तर रुका आणि निकोला स्कॉट यांची २०१६ ची पहिल्या वर्षाची गोष्ट घ्या. ती सलग आहे आणि आधीचं काही माहीत असावं लागत नाही. मार्स्टन यांचे दहा-बारा अंक मग वाचा. पडद्यावर आधी २०१७, मग कार्टरचा पहिला हंगाम.

सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी 'डीसी सुपर हिरो गर्ल्स' चांगलं. तिथे डायना मैत्रिणींच्या घोळक्यात असते. २००९ चा ॲनिमेशनपट रक्तरंजित आहे, तो मोठ्यांसाठी ठेवा.

आणि हे सगळं झाल्यावर २०२४ मध्ये सुरू झालेली केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांची 'ॲब्सोल्यूट वंडर वुमन' उघडा. त्यात डायनाला बेटच मिळत नाही. ती नरकात, सर्सी या चेटकिणीच्या हाती वाढते, आणि सर्सी तिला प्रेमाने, धीराने जे काही येतं ते सगळं शिकवते.